तिसरी खाच

धारवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात शिंपीणबाई कात्री घेऊन ताटकळली होती. तिच्या पुढची बाई वडिलांची जुनी करवत न्यायला आली होती; चौकटीचे कोपरे कापायच्या लाकडी पेटीसकट.

“गंज काढला, दातांना धार लावली,” म्हातारा म्हणाला.

“आणि पेटीची फळी?”

“बदलणारच होतो. पंचेचाळीस अंशांच्या दोन्ही खाचा बरोबर, पण ही तिसरी वाकडी.”

“अगंबाई! बदललीत?”

“हात धजावला नाही. इतकी जपून पाडलेली चूक कधी पाहिली नव्हती.”

“देव तुमचं भलं करो, काका! आमच्या स्वयंपाकघराचा कोपराच वाकडा आहे. तिथल्या लाकडी पट्ट्या कापायला बाबांनी पाडलेली ती.”

“मग भिंत सरळ करून घ्या की,” मागून शिंपीणबाई म्हणाली.

“गवंडीही तेच म्हणाला. त्याला म्हटलं, मग बाबांच्या खाचेचं काय करू?”