कोमट पाणी

ग्रीसमधल्या वोलोस शहरातल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत विणकाम करणाऱ्या पोलिक्सेनीबाईंच्या मागच्या बाकावर दोघी बहिणी येऊन बसल्या. धाकटीच्या मांडीवर तान्हं बाळ होतं.

"ताई, माझ्या पोरांनी बाळाला टबात बुडवलं गं! तीनदा, डोक्यासकट!"

"अगं बाई! कशाला?"

"रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा बघितला ना! थोरला पाद्री झाला, धाकट्याने मेणबत्ती धरली. बाळाला अंगभर तेल चोपडलं, आणि नाव ठेवलं गारिफालिया."

"तुझ्या सासूचं? तू तर दानाई ठेवणार होतीस!"

"हो ना. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात, तोवर आम्ही नुसतं बाळच म्हणत होतो. आता सासूबाई म्हणतात, देवाच्या नावाने एकदा पाणी पडलं की पुन्हा बाप्तिस्मा नाही, नावही तेच राहणार."

"पोरखेळ तो! पण एवढ्याशा जिवाला गार पाणी..."

"गार नव्हतं, कोमट होतं."

"सहा वर्षांच्या पोराला कोमट करायचं सुचलं?"

पोलिक्सेनीबाईंच्या सुया थांबल्या.

"मीही तेच विचारलं, ताई. तर म्हणतो, आजीने कोपर बुडवून बघितलं होतं."