पोळ्यापुरतं शिंग

सन चौसष्टचा श्रावण. खामगावच्या गुरांच्या दवाखान्यासमोर मी गाय घेऊन रांगेत उभा होतो. पुढे उंद्रीचे कडूबा, त्यांची बायको आणि सारखं डोकं झटकणारा त्यांचा बैल. डॉक्टर बैलाचं डावं शिंग ठोकून पाहत होते.

“शिंगाच्या आतल्या हाडात कॅन्सर आहे, कडूबा. शिंग आजच मुळापासून काढावं लागेल.”

“साहेब, पोळा पंधरा दिवसांवर आला. तवरोक गाठ वाढू नये, असं काही औषध द्या ना.”

“तसं औषध अजून निघालं नाही.”

“इंजेक्शन?”

“तेही नाही. थांबलात तर गाठ डोक्यात शिरेल. मग बैलच जाईल.”

“पण सारं गाव शिंगं रंगवून येईन, टोकांवर पितळी शेंब्या चढवून येईन. माह्या राजानं काय एका शिंगानं तोरणाखाली उभं राहाचं?”

“एक तर राहतंय ना?”

“मंग तेही काढून टाका. दोन्ही बाजू सारख्या तरी दिसतीन.”

“चांगलं शिंग मी कापणार नाही.”

“अवो,” कडूबांची बायको त्यांना म्हणाली, “पोराच्या लग्नात तुमाले तरी समोरचे दात कुठं होते? तरी नेलंच ना आमी तुमाले मांडवात!”

“मी तोंड मिटून बसलो होतो वं.”

“मंग बैलाले फेटा बांधा.”

कडूबांनी बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि दोर डॉक्टरांच्या हाती दिला.

“कापा, साहेब... अन् फेटा कोणत्या रंगाचा घ्याचा वं?”