यादीतली एक ओळ

(दुपार. खिडकीपाशी कॉम्प्युटर. दाराआड, पलीकडच्या खोलीत, काकूंचा नवरा खाटेवर पडून आहे.)

दुरुस्तीवाली : म्हणजे नेमकं काय दाबलंत, काकू?

काकू : दाबतेय कशाला? परवा धूळ पुसत होते. तेवढ्यात यानंच विचारलं, सगळी हिस्ट्री साफ करू का. म्हटलं, कर बाबा. या घरात साफसफाईचं कुणीतरी आपणहून विचारतंय.

दुरुस्तीवाली : तिथं नको म्हणायचं असतं.

काकू : शहाणपण नंतर शिकव. गेलेलं आधी परत आण.

दुरुस्तीवाली : असं काय होतं त्यात?

काकू : मला काय ठाऊक? हे रोज चारच्या ठोक्याला इथं बसायचे. तीन आठवड्यांपूर्वी झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. तेव्हापासून डाव्या हातानं या डबड्याकडे बोट करतात. काल खुर्चीसकट ओढत आणलं. ती हिस्ट्रीची यादी उघडली, तर पांढरी फटक. माणूस ढसाढसा रडला गं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

दुरुस्तीवाली : मग पान सेव्ह का नाही केलं त्यांनी?

काकू : त्यांची तऱ्हाच तशी. यादीत कालची ओळ शोधायची आणि तिच्यावर टिचकी मारायची. मी विचारलं तर म्हणायचे, बातम्या वाचतोय.

दुरुस्तीवाली : थांबा हं. हे मशीन दर रविवारी स्वतःची एक प्रत काढून ठेवतं. तुम्ही साफ केलंत ते परवा. म्हणजे रविवारच्या प्रतीत असायला हवं... आहे. रोज चार वाजता एकच पान. बातम्या नाहीत, काकू. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या कुणा बाईंचं आहे.

काकू : कुठल्या बाईचं?

दुरुस्तीवाली : फोटो आहे बघा. कपाळ अगदी तुमच्यासारखं.

काकू : बंद कर ते.

दुरुस्तीवाली : पण खाली तुम्हीच लिहिलंय की रोज.

काकू : मी? मला सही करायला पाव तास लागतो.

दुरुस्तीवाली : नाव तर ‘आई’ लावलंय. हे ऐका. “कोपऱ्यातली वीण सैल पडलीय. लोक काय लोंबकळायला बसणार आहेत? उसव आणि पुन्हा घाल. वेळेवर जेवतेस ना?”

काकू : ...हे माझं बोलणं आहे. शब्द न् शब्द. शेवटचं वाक्य सोडून.

दुरुस्तीवाली : खाली तिचं उत्तर आहे. “उसवली, आई. जेवले.” ती रोज उत्तर देते.

काकू : माझी थोरली. वीण मी शिकवली तिला, याच खोलीत. आणि तिनं माझ्यापासून वेगळं होऊन स्वतःचं दुकान थाटलं. मी म्हटलं, माझ्यासाठी तू मेलीस. अकरा वर्षं घरात तिचं नाव काढू दिलं नाही. हे मान खाली घालून जेवायचे, मला वाटायचं माझंच पटलंय. आणि हा माणूस इथं बसून माझ्या तोंडानं तिला जेवलीस का विचारत होता.

दुरुस्तीवाली : म्हणजे तिला वाटतंय तुम्हीच...

काकू : वाटणारच. त्यांनी माझा खडूसपणासुद्धा सोडला नाही. शेवटचं काय लिहिलंय तिनं?

दुरुस्तीवाली : परवाचं आहे. “आई, वीस दिवस झाले, काहीच लिहिलं नाहीस. पुन्हा रागावलीस का? काय चुकलं ते तरी सांग. मी उसवते.”

काकू : परत वाच ते.

दुरुस्तीवाली : “काय चुकलं ते तरी सांग. मी उसवते.”

काकू : तिचं काही चुकलं नाही. तेव्हाही नव्हतं.

दुरुस्तीवाली : तुम्ही सांगा, मी टाइप करते.

काकू : नको. माझ्या नावानं दुसऱ्यानं पुष्कळ लिहून झालं. ऊठ, मला बसू दे. ‘ब’ कुठाय तेवढं दाखव. आधी तिला बाबांचं कळवायला हवं.