शेजाऱ्याच्या तोंडून

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले ग्रामप्रमुख ओगासासाहेब, एवढा घाट चढून आलेले किताने प्रतिष्ठानाचे युसासाहेब, जिथे पाहुणी म्हणून बसायची सवय नाही तिथे आज अवघडून बसलेल्या आपल्या आरोग्यसेविका इवाकुराबाई, आणि एक डोळा माझ्यावर व दुसरा झाकलेल्या ताटांवर ठेवून बसलेल्या माझ्या नागिदानीकर बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी सेंगोकु, टोफूवाला. भाषणं करणं हा माझा धंदा नव्हे. पण बाईंच्या घराच्या खालचंच घर माझं, म्हणून त्यांच्या निवृत्तीच्या या समारंभात शेजारी या नात्याने मला उभं केलंय. ताटं गार होणार नाहीत, काळजी नसावी. त्यात गरम काहीच नाही, मी बघून आलोय.

मंडळी, आपल्या गावची बस बंद झाली तेव्हा काय झालं आठवतंय? गावातली झाडून सगळी म्हातारी माणसं रातोरात निरोगी झाली! म्हणजे खाली शहरातल्या दवाखान्यात जाईनाशी झाली. बाई आपल्या छोट्या गाडीतून एकेकाला नेत. पण एक बाई, एक गाडी, किती जणांना पुरणार? मग त्यांना कळलं की किताने प्रतिष्ठान गावांच्या आरोग्यासाठी निधी देतं. त्यांनी अर्ज केला. बुटक्या पायरीची एक गाडी आणि चालकाचा पगार, एवढंच मागणं.

आणि युसासाहेब पाहणीला आले. साहेब, आज तुम्ही हसताय, त्या दिवशी बिचारे गोंधळून गेला होतात.

पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय केलं? हे सभागृह घासूनपुसून लख्ख केलं. दारात काठ्यांचा पसारा बरा दिसत नाही, म्हणून किझोआजोबांनी सगळ्यांच्या काठ्या गोळा करून कुठेतरी दडवल्या. साहेबांनी विचारलं, "आजी, तब्येत कशी आहे?" तोमेआजी वाकून म्हणाल्या, "तुमच्या कृपेने अगदी छान! आमचं काय एवढं, खालच्या गावाला द्या हो, त्यांचे फार हाल आहेत." किझोआजोबा म्हणाले, "मी? मी अजून लाकडं फोडतो!" लाकडं त्यांचा जावई फोडतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. साहेबांना चहा दिला, लोणचं दिलं, वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ बरोबर बांधून दिली. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मग कुणालाच जागचं उठता येईना, कारण काठ्या कुठे ठेवल्या ते किझोआजोबांना आठवेना!

प्रतिष्ठानाचं उत्तर आलं. नागिदानीकरांचं आरोग्य हेवा वाटण्यासारखं आहे, सबब निधी अधिक गरजू गावाला देत आहोत. तोमेआजी खूश. "बघा, गावाचं नाव राखलं की नाही!" बाई कधी चिडत नाहीत, पण त्या दिवशी चिडल्या. "राखलंत ना नाव? आता त्या नावातच बसून जा दवाखान्यात!"

त्याच हिवाळ्यात तोमेआजी न्हाणीघरात पडल्या. मनगट मोडलं. लोकांना कशाला त्रास, म्हणून हात एप्रनखाली लपवून हिंडत राहिल्या. बाईंच्या लक्षात येईपर्यंत हाड वाकडं जुळून गेलं होतं. तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. मर्यादेने वागावं हे आपल्याला आईबापांनी शिकवलं, पण ती मर्यादा कुठवर पाळायची हे शिकवायचं राहूनच गेलं, नाही का?

पुढे मुळ्याचं लोणचं घालायला सगळे इथेच जमलो होतो. बाईंनी सहज विचारलं, "आजी, मनगट कसंय?"

"अगदी छान."

तर पलीकडून त्यांचे शेजारी किझोआजोबा उसळले. "छान कसलं डोंबलाचं! हिला किटली उचलवत नाही. रात्रभर दिवा जळत असतो, मला खिडकीतून दिसतो."

"आणि तुला दिसतो होय?" तोमेआजी म्हणाल्या. "परवा माझ्या बुजगावण्याला नमस्कार करून गेलास! बाई, याचे डोळे तपासा आधी."

झालं! लोणचं राहिलं बाजूला. जो तो शेजाऱ्याचं दुखणं सांगायला लागला. आणि बाई मिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या. स्वतःचं गाऱ्हाणं सांगणं म्हणजे लाज, पण शेजाऱ्याचं न सांगणं म्हणजे माणुसकी सोडणं. ही आपली रीत त्यांना सापडली ती तिथे.

दुसऱ्यांदा अर्ज गेला, साहेब पुन्हा आले. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "यांना स्वतःबद्दल काही विचारू नका. शेजाऱ्याबद्दल विचारा." साहेब, लिहून लिहून तुमची पेन्सिल दोनदा मोडली, आठवतंय? आज बाहेर उभी आहे ती पांढरी गाडी अशी आली. तोमेआजी तिच्यातून मनगटाच्या व्यायामाला जातात. किझोआजोबांना बुजगावणं आता बुजगावण्यासारखं दिसतं.

आता आजच्या मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, "निवृत्तीनंतर वर एकट्या कशा राहणार? गाडी तर तुम्ही विकून टाकलीत."

बाई म्हणाल्या, "मी? अगदी छान आहे."

मंडळी, मी शेजारी आहे. मला माझी रीत पाळू द्या. यांचा उजवा गुडघा गेलेला आहे. घराच्या दगडी पायऱ्या त्या भिंत धरून आडव्या पावलांनी उतरतात. आमच्या सगळ्यांचे डोळे तपासून आणले, स्वतःचे नाहीत. संध्याकाळी उभ्याउभ्याच काहीतरी खातात आणि लवकर दिवा मालवतात. बोलायला कुणी नसतं म्हणून. बाई, मान हलवू नका. मला खिडकीतून दिसतं.

तेव्हा सोमवारपासून पांढरी गाडी आधी तुमच्या पायऱ्यांशी थांबेल. चालकाच्या मागची जागा तुमची. हा अर्ज तुम्ही केलेला नाही, त्यामुळे तुम्हाला तो मागेही घेता येणार नाही. सबंध गावाने केलाय, आणि तो मंजूर झालाय.

बाई, तुम्ही आम्हाला सांभाळलंत. आता आमची पाळी. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं दुखणं चारचौघांत उघडं पडलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. माझी स्वतःची तब्येत म्हणाल तर अगदी छान आहे. खोटं वाटत असेल तर तोमेआजींना विचारा.