टर्बोचं एक मिनिट

जुन्या गाडीत दम नसतो म्हणता ना, मग हे ऐका.

दादा जाऊन दोन महिने झाले. त्याची पंधरा वर्षं जुनी डिक्कीवाली डिझेल गाडी दारात दिसली की वहिनीला वाटायचं, दादा घरातच आहे. म्हणून मी ती विकायला काढली. वडवणीचे एक दुकानदार बघायला आले. स्टेअरिंगवर बसल्याबसल्या म्हणाले, "म्हातारी झाली की ही. घाट चढंल का?"

मला रागच आला. घाटाच्या पायथ्याशी आल्यावर म्हणालो, "काका, एसी बंद करा. तिसऱ्या गेअरात घ्या. आरपीएमचा काटा दोन हजारावर गेला की टर्बो लागतो, इंजिनाला जोर येतो, मग बघा."

त्यांनी पाय दाबला आणि आमच्या पाठी सीटला चिकटल्या. उसाचा ट्रॅक्टर मागे, नवी कोरी जीपही मागे. काका लहान पोरासारखे हसत सुटले. मीही ओरडत होतो, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

वर पोचताच त्यांनी इंजिन बंद केलं.

"चालू करा," मी म्हणालो. "टर्बो तापलाय. मिनिटभर चालूच ठेवायचं असतं. दादा ठेवायचा."

"डिझेल फुकट जळतंय की."

"जळू द्या. दिवसभर कामात असायचा तो. त्या मिनिटात तेवढा माझ्याशी बोलायचा."

काकांनी चावी फिरवली. मिनिट सरल्यावर म्हणाले, "लई भारी हाय. घेतली मी. आता बंद करू?"

"करा," मी म्हणालो, "आन् चावी माझ्याकडं द्या. गाडी विकायची नाही आता."