सर्वांत हळू चालणारी

बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात शिक्षिकेने पुस्तक उघडले होते. पण समोरच्या बाकावरचा वाद तिच्या वाचनावर सावलीसारखा पसरत गेला. पाठीवर पिशवी अडकवून मैत्रिणीशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आईला तिचा मुलगा परत न्यायला आला होता.

“आई, ऊठ. गुडघा बदलून वर्ष नाही झालं, आणि डोंगर चढायला निघालीस?”

“नवा गुडघा काय कपाटात ठेवायला घेतलाय?”

“चेष्टा पुरे. तुझ्यामुळे गटातल्या सगळ्या जणींचा खोळंबा होईल. मावशी, तुम्ही तरी समजवा हिला.”

“समजावलं रे. दोन काठ्या घे म्हटलं, एकच घेतली. हट्टी आहे.”

“आणि ही मागे पडली म्हणजे?”

“आमच्यात सर्वांत हळू चालणारी सगळ्यांच्या पुढे असते. मागे पडणार कशी?”

आई मैत्रिणीकडे बोट करून म्हणाली, “गेल्या खेपेला हिला दम लागायचा, तेव्हा ही पुढे होती. मी कुरकुरले, पण हिला ओलांडून गेले नाही.”

“वर पोचलाच नाहीत तर?”

“जिथे पोचू तिथे डबा उघडू.”

“आई, शेवटचं सांगतोय...”

“शेवटचं मी सांगते, बाळा. तू चालायला शिकलास तेव्हा मी तुझ्या चालीने चालले. घरी बस म्हटलं नाही.”

बस लागली. मुलाने हात पुढे केला.

“आण ती पिशवी, मी चढवतो.”

“पिशवी माझी आहे. तू दार धर.”

आई एकेक पायरी चढू लागली. मागची रांग चुळबुळली.

“आजी, जरा लवकर!”

“घाई आहे?” मैत्रीण वळून म्हणाली. “मग या हिच्या मागून.”