अपूर्वची कानपिळी

नाई, नाई, विहीनबाई, पुन्हा म्हना — लग्नात कानपिळी अपूर्वनं नाई करावी? नवरदेवाचा कान माह्या श्रियाचा चुलतभाऊ पिळन, अन् नवरीच्या सख्ख्या भावाले उकव्याले मावशीकडे धाडावं — म्हनजे तुमचे बैहरचे पाहुने "घर में ऐसा लडका है" म्हननार नाई? वा! अन् वरून "खानदानात असते हे, श्रियाच्या लेकरालेही झालं तं?" कोनं सांगितलं? तुमच्या जावेनं? मोबाइलवर पाहून? हौ, मंग बरोबरच असन!

जन्मभर बालाघाटच्या पोरींना बायोलॉजी शिकवली म्या, आता तुमाले शिकवते. बाईच्या अंड्यात गुनसूत्रांच्या जोड्या असतात — जोडीतलं एक इकडे जावं, एक तिकडे. त्याच्यासाठी प्रत्येकाच्या कमरेले प्रोटीन जमून-जमून आकडा तयार होते — कायनेटोकोर. हसू नका, नावच हाय ते. मंग दोन्ही टोकांकडून बारीक दोरे येतात, चाचपडत — धरतात, चुकतात, सोडतात, पुन्हा धरतात — अन् सगळे आकडे नीट लागल्याबिगर पेशी पुढं सरकतच नाई. थांबते! तुमच्याहून जास्त अक्कल हाय तिले. पन वय झालेल्या अंड्यात हे थांबनं ढिलं पडते — चाळिशीत झाला मले अपूर्व — जोडीतले दोन्ही एकाच टोकाले ओढल्या गेले. एकविसावं एक जास्तीचं आलं — डाऊन सिंड्रोम म्हनतात त्याले. बस, एवढंच! जबलपूरले तपासलं आमाले — खानदानी दोष माह्यात नाई, त्याच्या बापात नाई, श्रियात नाई. हे खानदान हाय का? कळलं? कायचं कळते तुमाले — मुंडी हालवता नुसती.

तिकडे काय पाह्यता? बॅग हाय ती. पडू द्या. कपडे हायत — त्याचेच. म्हनजे, तुमी येयाच्या आधीच — सकाळीच भरली म्या. मावशीले फोनही केला. म्हटलं, पोरीचं लगन तं सुखानं होऊ द्या, एवढ्या मुश्किलीनं जमलं — अन् तो घड्या करून देत होता मले, म्हने, "आई, ताईचं लगन उकव्याले हाय का?" अन् मी "हौ" म्हनली. हौ म्हनली मी त्याले!

काय म्हनलं? समजदार? मी? तुमच्या तोंडून ऐकाचं राह्यलं होतं हेच. उठा. कप राहू द्या तिथंच. श्रियाले मी सांगन काय सांगाचं ते. अपूर्व — बेटा, बाहेर ये. ह्या ताईच्या सासू होनार होत्या. नाई, पाया नको पडू.